एक्क्याण्णव गुणांचा बँड

"मॅडम, मला स्वतःचं असं मतच नाहीये. हा काही आजार असतो का?"

मी समुपदेशक आहे, आणि या प्रश्नाची माणसं माझ्याकडे नेहमी येतात. कोणाला शाखा निवडता येत नाही, कोणाला दोन नोकऱ्यांपैकी एक. एक बाई लग्नाच्या साड्यांच्या दुकानातून रडत बाहेर पडल्या होत्या. निखिलची अडचण ऐकताना मात्र मला हसू आवरावं लागलं, हे कबूल करते. त्याला आयुष्यातला सर्वांत आवडता असा एकच बँड ठरवता येत नव्हता आणि त्यापायी तीन आठवडे त्याची झोप उडाली होती.

(नाव, गाव, घरचे तपशील बदलले आहेत. लिहायला त्याची परवानगी आहे. छापण्याआधी त्याने हे वाचलं आणि दोन चुका काढल्या, दोन्ही बँडच्या इतिहासातल्या.)

निखिल अठ्ठावीस वर्षांचा, मूळचा सासवडचा, हिंजवडीत नोकरीला. सहकारनगरला मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, चहा आला, आणि मुलीने सरळ विचारलं, "प्रोफाइलमध्ये रॉक आवडतं असं लिहिलंय तुम्ही. मग ऑल टाइम फेव्हरिट बँड कुठला? एकच सांगायचा हं. आणि का, तेही."

निखिल काही बोलायच्या आत त्याचे वडील म्हणाले, "बँड ना? आम्ही जेजुरीचा ठरवतो. झकास वाजवतात."

सगळे हसले. (मीही हसले. माझ्या लहानपणी बँड म्हणजे विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरून जाणारा प्रभात ब्रास बँड. दुसरा कुठला बँड असतो हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं.) निखिलचा मात्र घसा कोरडा पडला. "तसे सगळेच चांगले आहेत," एवढंच तो म्हणाला. चार दिवसांनी नकार आला. झालं! मला एक साधा बँड सांगता आला नाही, म्हणजे मला व्यक्तिमत्त्वच नाही, म्हणून नकार आला, अशी त्याने साखळी जोडली.

पहिल्याच भेटीत त्याने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे ठेवला. एक्सेलमध्ये चौदा बँड. आडवे रकाने: शब्द, गिटार, ड्रम्स, इतरांवरचा प्रभाव, किती वर्षं टिकले, लाइव्ह कसे वाजवतात. प्रत्येक रकान्याला वेगळं वेटेज. पहिला नंबर पिंक फ्लॉइड, शंभरपैकी एक्क्याण्णव. मग लेड झेपलिन अठ्ठ्याऐंशी, बीटल्स सत्त्याऐंशी.

"मग ठरलं की," मी म्हटलं.

"नाही ना. बीटल्स १९७० लाच फुटले, त्यामुळे 'किती वर्षं टिकले' मध्ये त्यांचे मार्क जातात. ते अन्यायाचं आहे. झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम १९८० मध्ये गेला आणि त्यांनी बँडच थांबवला. थांबले म्हणून मार्क कापायचे की तत्त्वाला जागले म्हणून वाढवायचे? आणि पिंक फ्लॉइड म्हणजे नेमके कुठले? सुरुवातीचे सिड बॅरेटवाले, रॉजर वॉटर्सवाले, की १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडल्यानंतरचे?"

तो हे सगळं फार छान सांगत होता. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा अल्बम १९८८ पर्यंत बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत ७४१ आठवडे होता, हे त्याने मला दोनदा ऐकवलं. पण आवाज होता तो तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलाचा. समोर बाहेरून आलेले परीक्षक बसलेत आणि हा प्रत्येक उत्तराला पुरावा जोडतोय.

अशा वेळी आधी एक गोष्ट तपासावी लागते. ही निवडीची अडचण एका कोपऱ्यापुरती आहे, की जेवण, कपडे, कामावरची ईमेल असं सगळीकडे पसरली आहे? भूक कशी आहे? तेच तेच तपासून पाहावं लागतं का? पसरली असेल तर मामला वेगळा, मग मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. निखिलचं काम नीट चालू होतं. मागे हेडफोन घ्यायला त्याने तीन महिने घेतले होते, पण घेतले होते. दुखत होतं ते आवडीनिवडीच्या जागीच, आणि तेही कोणासमोर सांगायची वेळ आली की.

आमच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीत, माणूस स्वतःवर लादत असलेले हट्ट शोधायला शिकवतात. मराठीत हे काम सोपं आहे, कारण आपल्याकडे हट्टाला स्वतंत्र अक्षर आहे: च. मी निखिलला त्याचंच वाक्य कागदावर लिहायला लावलं. "मला एकच बँड सांगता आलाच पाहिजे आणि तो बरोबरच असला पाहिजे." तीन च. त्याने पेन्सिलीने तिन्हींभोवती गोल केले आणि म्हणाला, "पहिला तिने घातला होता. बाकीचे दोन माझे." हुशार मुलगा. पण च सापडला म्हणून सुटत नाही. तो मुळाशी कुठेतरी गुंतलेला असतो.

इथे त्या "का" बद्दल थोडं सांगते, कारण माझ्या मते खरा घोळ तिथे होता. १९९१ मध्ये टिमोथी विल्सन आणि जोनाथन स्कूलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना स्ट्रॉबेरी जॅमचे पाच प्रकार चाखायला दिले. काहींना नुसतं चाखून मत द्यायला सांगितलं, तर काहींना आधी आवडण्या-नावडण्याची कारणं लिहायला लावली. नुसतं चाखणाऱ्यांची मतं जाणकारांच्या क्रमवारीच्या बरीच जवळ गेली. कारणं लिहिणाऱ्यांची भरकटली. दोन वर्षांनी विल्सन आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग भिंतीवर लावायच्या चित्रांवर केला. कारणांचा विचार करून चित्र घरी नेणारे काही आठवड्यांनी आपल्या निवडीवर कमी खूश होते. याचं एक स्पष्टीकरण असं, की कारण विचारलं की आपण जे शब्दांत पकडता येतं तेच उचलतो. जे पकडता येत नाही ते मागे राहतं, आणि आवड बऱ्याचदा त्या मागे राहिलेल्यातच असते.

हे निखिलला सांगितलं तर त्याने विचारलं, "किती जणांवर केला होता प्रयोग?" मी विषय बदलला.

दुसऱ्या भेटीत त्याने "अहो-जाहो नको" म्हटल्यावर मी त्याला गृहपाठ दिला. "आठवडाभर एक्सेल उघडायचं नाहीस. जेव्हा जेव्हा आपणहून गाणं लावशील तेव्हा एवढंच लिहायचं: कोणाचं, कुठे, काय करत होतास. चांगलं की वाईट लिहायचं नाही."

पुढच्या सोमवारी तो कागद घेऊन आला. कंपनीच्या बसमध्ये चांदणी चौकात अडकलो असताना, इंडियन ओशन. शनिवारी बाइकवर बोपदेव घाटातून घरी जाताना, पुन्हा इंडियन ओशन. ("घाटात त्यांचाच ताल बसतो," असं समासात खरडून लिहिलं होतं, नियम मोडून.) रात्री दीड वाजता प्रॉडक्शनला काहीतरी बंद पडलं तेव्हा, लिंकिन पार्क. भांडी घासताना, लिंकिन पार्क. झोप येत नव्हती तेव्हा, लिंकिन पार्क. असं एकूण अकरा वेळा.

"आणि पिंक फ्लॉइड?"

त्याने कागद उलटसुलट केला. "शून्य."

"तुझ्या यादीत लिंकिन पार्क कितवे आहेत?"

"यादीत नाहीत."

चौदा बँडच्या यादीत नाहीत! मी गप्प बसले. समुपदेशनात गप्प बसण्याचे पैसे मिळतात असं माझा नवरा म्हणतो, ते अगदीच खोटं नाही.

मग जे बाहेर आलं ते असं. निखिल सासवडला मराठी शाळेत शिकला. दहावीच्या सुट्टीत मुंबईच्या मावसभावाने त्याच्या मोबाइलच्या मेमरी कार्डमध्ये ढीगभर गाणी भरून दिली, त्यात कॅलिफोर्नियाचे लिंकिन पार्क होते. ओरडून म्हटलेल्या त्या गाण्यांतला एकही शब्द त्याला कळत नव्हता, पण हा माणूस चिडलाय आणि घाबरलाय हे कळत होतं. तो स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन गाण्यांचे शब्द वहीत उतरवून आणायचा आणि शब्दकोश घेऊन बसायचा. वडिलांना वाटलं, पोरगा इंग्रजीचा अभ्यास करतोय. तसं पाहिलं तर करतच होता. पुढे इंजिनिअरिंगला पुण्यात आल्यावर वर्गातली निम्मी मुलं तोंड उघडायला घाबरायची तेव्हा हा धडाधड बोलायचा. उच्चार थोडे कॅलिफोर्नियाचे, व्याकरण सासवडचं.

पहिल्याच वर्षी होस्टेलच्या गच्चीवर सीनियर्सनी सगळ्यांना एकेक करून विचारलं, फेव्हरिट बँड कोणता? निखिलने अभिमानाने सांगितलं. गच्ची हसली. ते म्हणे शाळेतल्या पोरांचं म्युझिक. एकाने तिथल्या तिथे बारसं केलं: पार्किंग. चार वर्षं तो होस्टेलभर "पार्किंग" होता. कोणी त्याच्या खोलीच्या दारावर "नो पार्किंग" ची पाटीही आणून लावली. पुण्यात ती मिळायला कितीसा वेळ लागतो!

त्यानंतर त्याने लिंकिन पार्कचं नाव कोणापुढे काढलं नाही आणि थोरामोठ्यांच्या बँडचा अभ्यास सुरू केला. अभ्यासच म्हणते मी, आणि त्याला त्यातून पुष्कळ मिळालंही. पण आवडीचा प्रश्न आला की तो पुन्हा त्या गच्चीवर उभा असायचा. सहकारनगरच्या दिवाणखान्यात त्याचा घसा कोरडा पडला तो मुलीमुळे नव्हे.

"२०१७ च्या जुलैमध्ये त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन गेला," तो म्हणाला. "आत्महत्या केली त्याने. हसणाऱ्यांनीसुद्धा त्या दिवशी स्टेटस ठेवले. मी नाही ठेवलं. गच्चीवर जाऊन बसलो, एकटाच."

इथे मी त्याला थेट विचारलं, "तुझ्या मनात कधी जीव द्यायचे विचार आले होते का? आता येतात का?" असं विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारल्याने मोकळं वाटतं. निखिल म्हणाला, "नाही. तेव्हाही नाही. पण दहावीत ज्याने मला सोबत केली त्याला सोबत कोणी नव्हती का, असं वाटत राहिलं." आम्ही त्या दिवशी पुढे काही केलं नाही. सात-आठ वर्षं राहून गेलेला शोक होता. त्याला वेळ दिला.

खरं सांगायचं तर घरी येऊन मी त्यांचं एक गाणं लावलं आणि अर्ध्यात बंद केलं. माझ्या कानांना झेपलं नाही. पण माझ्या आईला विविध भारतीवर लागणारी जी गाणी ऐकताना भरून येतं, ती माझ्या मुलाला रडकी वाटतात. शाळा-कॉलेजच्या वयात ऐकलेलं माणसाला जन्मभर चिकटतं, हे स्मृतीचे अभ्यासक पूर्वीपासून सांगत आलेत. त्यात दर्जाचा भाग किती आणि त्या वयाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. काढायची गरजही मला वाटत नाही.

शेवटच्या भेटीत मी मुलीचाच प्रश्न विचारला. एकच बँड, आणि का.

"लिंकिन पार्क. त्यांच्यामुळे मी बोलायला लागलो." मग जरा थांबून, "गिटारच्या बाबतीत झेपलिन कितीतरी वर आहेत, हे मला माहीत आहे."

"ते मी विचारलं नव्हतं."

"हो. पण ते खरं आहे."

असो, तेवढं चालायचं. २०२४ मध्ये लिंकिन पार्क नवी गायिका घेऊन परत उभे राहिले, तर ते आता तेच धरायचे का, असा एक नवा प्रश्न त्याच्याकडे तयार होता. तो त्याने आपणहून पुढच्या वर्षावर ढकलला. ही मला मोठीच प्रगती वाटली.

दरम्यान स्थळ आणणाऱ्या मामींकडून नकाराचं खरं कारणही कळलं. मुलीचं जर्मनीला शिकायला जायचं ठरत होतं आणि त्यांच्या घरात त्यावरून आधीपासूनच वाद चालू होते. बँडचा संबंध नव्हता. निखिल ऐकून खूश होईल असं मला वाटलं होतं. तो जरा हिरमुसला. "म्हणजे तिने तो प्रश्न उगाच विचारला होता?" उगाच नाही रे, गप्पा मारायला विचारला होता!

चारेक महिन्यांनी त्याचा मेसेज आला. वारज्यात दुसरी एक मुलगी पाहून आला होता. तिला रॉकमधलं काही कळत नाही, म्हणून त्याने "पार्किंग" चा किस्सा सांगितला. ती इतकी हसली की आतून तिची आई बघायला आली. पुढच्या रविवारी पुन्हा भेटणार आहेत.

एक्सेल त्याने पुसलेलं नाही. त्यात एक रकाना वाढवलाय, "या आठवड्यात किती वेळा ऐकलं". त्याचा फोटोही पाठवला होता. लिंकिन पार्क नऊ, इंडियन ओशन सहा. पिंक फ्लॉइडपुढे दोन, आणि शेजारी बारीक अक्षरात: रविवारी, पंखे पुसताना.