लॅक्रॉसचा क्लब काढायचाय? आधी भिंत शोधा

या वेळी सगळी पत्रं लॅक्रॉसचीच घेतलीयेत, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने बॉल झेलायचा, फेकायचा आणि गोलमध्ये मारायचा तो खेळ. क्रिकेट अकादमीची फी आणि गुडघेदुखीवाले, तुम्ही पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, माझा भाऊ कॅनडात असतो, त्याने दिवाळीत येताना लॅक्रॉसच्या सहा स्टिक आणल्या आणि तेव्हापासून सोसायटीतली नऊ ते तेरा वयाची पोरं रोज संध्याकाळी तेच खेळतायत. दोन-तीन पालक म्हणतात क्लबच काढू या. पण आमच्यातल्या कोणालाच हा खेळ येत नाही, ग्राउंड नाही, किट नाही. सुरुवात कुठून करायची? — एक आई, नेरुळ

अहो, पोरं स्वतःहून रोज खाली उतरतायत, लोकांचं घोडं नेमकं तिथेच अडतं आणि तुमचं ते काम आधीच झालंय. आता फक्त घाईघाईत खरेदी करू नका. असे क्लब मी पाहिलेत, पहिल्याच महिन्यात वर्गणी काढून बाहेरून हेल्मेट-ग्लोव्हज मागवतात, कस्टम ड्युटी भरतात, आणि मग पैसे दिलेत म्हणून पालकांना लगेच मॅच बघायची असते. पोरांना अजून बॉल झेलता येत नसतो.

सहा स्टिकवर बारा पोरं आरामात शिकतात. एक भिंतीवर मारतो, जोडीदार मोजतो, मग बदली. यालाच वॉल बॉल म्हणतात आणि अमेरिकेतले कॉलेजवाले खेळाडूसुद्धा रोज हेच करतात. तर पहिली गरज मैदानाची नाही, भिंतीची. फक्त सोसायटीची कंपाउंड वॉल नको, तळमजल्यावरचे काका दुपारच्या झोपेत ती ठक-ठक आठवडाभर ऐकतील आणि मग सेक्रेटरीचं पत्र येईल. शाळेची खिडक्या नसलेली बाजू बघा, मुख्याध्यापकांना भेटा, शाळा सुटल्यानंतरचा एक तास मागा. तास द्यायला शाळा सहसा तयार होतात, मैदान मागितलं की मग कमिटी बसते.

बॉल सुरुवातीला टेनिसचाच वापरा. लॅक्रॉसचा खरा बॉल भरीव रबराचा असतो, 142 ते 149 ग्रॅम, म्हणजे लेदरच्या क्रिकेट बॉलपेक्षा थोडाच हलका, तो तोंडावर बसला तर क्लब त्याच दिवशी बंद. टेनिस बॉल साईजला जवळजवळ तेवढाच, वजनाला निम्म्याहून कमी, आणि बॉक्स क्रिकेटमुळे प्रत्येक घरात दोन-चार पडलेलेच असतात. जाळीतून जरा उडतो, पण त्याने हात मऊ होतो.

शिकवायचं काय? नवीन पोरगं बॉल येताना दिसला की स्टिक पुढे मारतं, माशी मारल्यासारखं, आणि बॉल जाळीवर आपटून बाहेर. त्याला सांगायचं, स्टिकचं डोकं कानाजवळ धर आणि बॉल आला की त्याच्याबरोबर मागे जाऊ दे. दुसरी गोष्ट जमिनीवरचा बॉल. पहिले सहा महिने अर्ध्याहून जास्त खेळ जमिनीवरच चालतो, म्हणून उचलायला शिकलेलं पोरगं टीममध्ये राजा. कंबरेतून नाही, गुडघ्यातून वाकायचं, मागचा हात जमिनीकडे खाली, आणि थांबायचं नाही, पळत पळत बॉलच्या खालून स्टिक पुढे काढायची. आणि हे सगळं डाव्या हातानेही, नाहीतर पुढे एकाच बाजूने खेळणारी पलटण तयार होते. शिकवायला बास्केटबॉलचा कोणी मास्तर पकडा, मॅन टू मॅन, पिक, कट ही सगळी भाषा त्याला येते, आणि नियमांसाठी वर्ल्ड लॅक्रॉस या खेळाच्या जागतिक संघटनेच्या साइटवरचे सिक्सेसचे, म्हणजे सहा-सहाच्या छोट्या खेळाचे, नियम वाचा.

सिक्सेस मुद्दाम म्हणतेय. जुना फील्ड लॅक्रॉस दहा-दहाचा, त्याला 110 यार्ड लांबीचं मैदान लागतं, नेरुळमध्ये ते कोण देतंय. सिक्सेस सहा-सहाचा, मैदान 70 बाय 36 मीटर, 8 मिनिटांचे चार क्वार्टर. फुटबॉलचं मोठं मैदान 68 मीटर रुंद असतं, त्यात आडवी आखली तर सिक्सेसची दोन मैदानं जवळजवळ बसतात, म्हणजे फुटबॉलवाल्यांकडे अर्धंच मैदान मागायचं. तासावर मिळणारा बॉक्स क्रिकेटचा टर्फ पूर्ण मॅचला अपुरा पडतो पण तीन-तीनच्या खेळाला मस्त. आणि कृपा करून रविवार सकाळ नको, टेनिस क्रिकेटच्या टुर्नामेंटवाल्यांशी भांडून आजवर कोणी जिंकलेलं नाही. बुधवार आणि शनिवार संध्याकाळ ठरवा आणि मग तीनच पोरं आली तरी तीन पोरांची प्रॅक्टिस घ्या. एकदा ग्रुपवर ‘आज कॅन्सल’ टाकायची सवय लागली की सगळंच सैल पडतं.

गोलपोस्ट 6 फूट बाय 6 फूट, पाइपची फ्रेम तुर्भे-रबाळेकडच्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडून वेल्ड करून घ्या. जाळं दिवाळे कोळीवाड्यात विचारा, पण जाड दोरीचं, बारीक नायलॉन दोन महिन्यांत फाटतं.

आणि स्टिक क्लबच्या, पोरांच्या नाहीत. भावाने आणल्या म्हणून तुमच्या मुलाची कायमची एक राखीव, असं झालं की बाकीची पोरं काय ते समजून जातात. लायब्ररीसारखं रजिस्टर ठेवा, घरी न्यायची तर सही करून.

प्रश्न : मुलगा लॅक्रॉसचा हट्ट करतोय. ऑलिम्पिकमध्ये आलाय म्हणे. दहावीला खेळाचे मार्क मिळतील का? नाहीतर मी त्याला बॅडमिंटनला घालतो. — एक वडील, घणसोली

ऑलिम्पिकचं खरं आहे, आणि निर्णय झाला आपल्या शेजारीच, ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं (आयओसी) अधिवेशन होतं तिथे. आपल्याकडे सगळ्या बातम्या क्रिकेटच्या आल्या, पण लॉस एंजेलिस 2028 साठी त्याच यादीत स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल, बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि लॅक्रॉस सिक्सेसही पास झालं. तसं हे पुनरागमनच म्हणायचं, 1904 आणि 1908 ला लॅक्रॉसची मेडलं दिली गेलीयेत.

मार्कांचं वेगळं आहे. सवलतीचे गुण सरकारी यादीतल्या खेळांना आणि ठरावीक स्तरावर खेळल्यावरच मिळतात, नोकरीतल्या 5 टक्के आरक्षणालाही तशाच अटी. ऑलिम्पिकमध्ये आहे म्हणून आपोआप काही होत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चालू वर्षाची यादी डोळ्यांनी बघा, क्लबवाल्यांच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मार्कांसाठीच घालायचं असेल तर बॅडमिंटनला घाला, पण तिथे गर्दी किती ते एकदा बघून या.

प्रश्न : ताई मी नववीत आहे. आमच्या ग्रुपमध्ये मुलगे जास्त आहेत, ते मला पास देत नाहीत आणि गोलकीपर हो म्हणतात. हेल्मेट नाहीये पण ते म्हणतात टेनिस बॉलच आहे. — खारघर

नाही व्हायचं. टेनिस बॉल आज आहे, उद्या कोणीतरी खरा बॉल आणणार आणि गोलमध्ये तूच उभी असणार. गोलकीपरला हेल्मेट, गळ्याचा गार्ड, चेस्ट प्रोटेक्टर, तोंडात माउथगार्ड, यातलं एक जरी नसेल तरी गोलमध्ये कोणी उभं राहायचं नाही, मुलगा असो की मुलगी. छातीवर नेमक्या क्षणी फटका बसला तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून अमेरिकेत चेस्ट प्रोटेक्टरचं स्टँडर्ड सक्तीचं केलंय. तुम्हाला शिकवणाऱ्या सरांना सांग, गोलच्या तोंडावर जुनी ताडपत्री बांधा आणि चार कोपऱ्यांत भोकं पाडा. भोकातून गेला तरच गोल. नेमही सुधारतो.

पासचं म्हणशील तर सरांना एक नियम मागून घे, तीन वेगवेगळ्या हातांतून बॉल गेल्याशिवाय शॉट नाही. आणि मुलं-मुली एकत्र खेळताय तोवर अंगावर जाणं आणि स्टिकवर स्टिक मारणं दोन्ही बंद. मोठ्यांच्या खेळातही मुलींना अंगावर जायची परवानगी नसते, त्या गॉगल आणि माउथगार्डवर खेळतात, म्हणून त्यांचे पास आणि स्टिकवर्क बघायला जास्त मजा येते असं माझं मत. मुलग्यांना राग आला तर येऊ दे.

अजून एक, तू नववीत आहेस तर जाळी विणायला शिक. पावसात भिजली की जाळी सैल पडून पॉकेट, म्हणजे बॉल बसतो तो जाळीचा झोळ, खोल होतं, बॉल अडकतो, पास खाली पडतो आणि पोरं बॉलला शिव्या देतात. स्टिक डोळ्यांसमोर आडवी धर, बॉल आत ठेव. बॉलचा वरचा भाग कडेच्या प्लास्टिकच्याही खाली गेला तर पॉकेट बेकायदेशीर, वरच्या दोऱ्या ओढून गाठी पुन्हा मार. ज्याला हे येतं त्याच्याकडे अख्खा क्लब स्टिक घेऊन येतो, मग पास कोण देत नाही बघू.

प्रश्न : आमचा ग्रुप आता दोन वर्षांचा झाला, चाळीसेक मुलं आहेत. काही पालक म्हणतात रजिस्ट्रेशन करा, काही म्हणतात बाहेर टुर्नामेंटला न्या, आणि टीम निवडली की ग्रुपवर महाभारत. शिवाय नववी-दहावीची मुलं क्लासमुळे गळतात. — घोडबंदर रोड, ठाणे

रजिस्ट्रेशन आता कराच, चाळीस मुलांची फी एका पालकाच्या जीपेवर जमा होणं बरोबर नाही, तो माणूस कितीही सज्जन असू दे. 1860 च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात त्यासोबत 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद होते, मग संस्थेच्या नावाने पॅन आणि बँक खातं. तुमचं ठाणे जिल्ह्यात. वाशी-नेरुळ-बेलापूरही ठाण्यातच, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात, हे तिकडच्या वाचकांसाठी. सातजणांत सगळे एकाच बिल्डिंगचे घेऊ नका, आणि दोन तरी बायका हव्यात, नावापुरत्या नाही, चेकवर सही करणाऱ्या.

टुर्नामेंटच्या आधी घरच्या घरी लीग खेळा. चाळीस मुलांचे चार संघ, मोठी-लहान, मुलं-मुली मिसळून, आणि दर तीन महिन्यांनी संघ पुन्हा वाटायचे. सगळेच खेळतात म्हटल्यावर निम्मं महाभारत तिथेच संपतं. बाहेर न्यायची टीम निवडाल तेव्हा निकष आधी ग्रुपवर टाका, हजेरी पहिला निकष, आणि निवड झाल्यावर आठवडाभर ॲडमिन सोडून कोणाला मेसेज टाकता येणार नाही असं सेटिंग करा. हसू नका, उपयोग होतो.

दहावीच्या मुलांना पूर्ण प्रॅक्टिसला बोलावलंत तर ती येणारच नाहीत. शनिवारी अर्धा तास छोट्या बॅचला शिकवायला बोलावा, तेवढ्याला आया सोडतात. शिट्टी त्यांच्या हातात द्या, फेस-ऑफ, म्हणजे दोघांमध्ये बॉल ठेवून खेळ सुरू करणं, त्यांना घेऊ द्या, छोट्यांना ‘दादा’ ‘ताई’ म्हणायला लावा. बोर्डाची परीक्षा संपली की यातली बरीचशी एप्रिलमध्ये परत येतात, आणि तेव्हा तुम्हाला बाहेरून कोच शोधावा लागत नाही. फक्त जून उजाडायच्या आत शाळेचा हॉल बुक करून ठेवा, घोडबंदरला चार महिने मैदानात चिखलच असतो आणि तोच हॉल कराटेवालेही मागत असतात.