बाबांचं ऑकलंड आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न थोडक्यात असा: वडील 71 वर्षांचे, मर्चंट नेव्हीतून निवृत्त. तरुणपणी त्यांचं जहाज एकदा न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या धक्क्याला लागलं होतं, पण ड्यूटीमुळे शहरात पाऊल ठेवता आलं नाही. जानेवारीअखेर तिथे शिडाच्या होड्यांची शर्यत असते, ती त्यांना दाखवायची आहे. वडील, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा असे पाच जण. टूर कंपनी माणशी 2 लाख 80 हजार म्हणते, म्हणजे 14 लाख. साडेतीन लाख सहलीसाठी साठवलेत. 6 लाखांची एफडी मोडून उरलेल्या साडेचार लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी काढावं का? पुढच्या वर्षी मुलीची दहावी, म्हणून यंदाच जायचंय. घरखर्च गृहकर्जाच्या हप्त्यासकट महिना 90 हजार, शिल्लक 45 हजार.

एफडी मोडू नका आणि कर्जही काढू नका. बाबांना मात्र याच जानेवारीत घेऊन जा.

तुमच्या पत्रात दोन सहली एकमेकींत गुंतल्या आहेत. एक बाबांची, तिला खरंच घाई आहे. 71 व्या वर्षी दोन वर्षं थांबणं म्हणजे काय, ते कुठल्याही व्याजदरात बसत नाही. दुसरी कुटुंबाची, तिला घाई नाही. दहावी झाल्यावरही ऑकलंड आहे तिथेच असणार. ऑकलंडची ही शर्यत 1840 पासूनची आहे आणि ती दर वर्षी 29 जानेवारीच्या सर्वांत जवळच्या सोमवारी असते. शिवाय जानेवारीअखेर मुलांची शाळा भरात असते, आणि नववीचा पाया कच्चा राहिला तर दहावीत काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता आकडे. साडेचार लाखांच्या कर्जाचा हप्ता महिना साधारण 21,600 बसेल आणि दोन वर्षांत व्याज जाईल 68 हजारांच्या आसपास. मला ते 68 हजार तितके टोचत नाहीत, हौसेपायी माणूस तेवढं देतो. टोचतं ते पुढचं. हप्ता गेल्यावर 45 हजारांतले 23,400 उरतात. त्यातून मोडलेली 6 लाखांची एफडी पुन्हा उभी करायला साधारण 25 महिने लागतील. म्हणजे मुलीची दहावी, अकरावीचा प्रवेश आणि बाबांचं त्र्याहत्तरावं वर्ष, हे सगळं तुम्ही रिकाम्या हाताने काढणार. आज ती एफडी साडेसहा महिन्यांचा घरखर्च आहे. नोकरी गेली किंवा बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं, तर घर त्यावर चालेल. तिला सहलीच्या हिशेबात धरूच नका.

तुम्ही आणि बाबा दोघंच गेलात, तर कंपनीच्याच दराने 5 लाख 60 हजार होतात. साठवलेले साडेतीन लाख आणि सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांची शिल्लक 2 लाख 25 हजार मिळून 5 लाख 75 हजार. बसतंय, पण अगदी काठोकाठ. म्हणून मी पॅकेजही घेणार नाही. त्यात क्वीन्सटाउन, रोटोरुआ, आतली विमानं असं बरंच आहे आणि बाबांना यातलं काहीच नको आहे. त्यांना बंदर हवंय.

आणि बंदर स्वस्त आहे. ऑकलंडला शिडांचं शहर म्हणतात ते उगाच नाही. वायटेमाटा बंदर शहराच्या कुशीतच आहे, समोर रांगिटोटो हा ज्वालामुखीचा डोंगर पाण्यातून वर आलेला. शर्यत बघायला तिकीट लागत नाही. फेरीने बारा-पंधरा मिनिटांत पलीकडच्या डेव्हनपोर्टला उतरायचं आणि तिथल्या नॉर्थ हेड या टेकडीवर बसायचं. गुडघे साथ देत नसतील, तर डेव्हनपोर्टच्या किनाऱ्यावरूनही पुष्कळ दिसतं. व्हायाडक्ट हार्बरला सागरी संग्रहालय आहे. 1995 मध्ये सॅन दिएगोला अमेरिकाज कप ही शिडाच्या नौकांची स्पर्धा जिंकणारी 'ब्लॅक मॅजिक' नौका तिथे ठेवली आहे. त्या मोहिमेसाठी न्यूझीलंडच्या लोकांनी लाल मोजे विकत घेऊन पैसे उभे केले होते, कारण मोहिमेचे प्रमुख पीटर ब्लेक शुभ म्हणून लाल मोजे घालत. (मोहिमेसाठी कर्ज काढण्यापेक्षा मोजे विकणं मला बरं वाटतं, पण ते असो.) पैसे मोजून एकच गोष्ट घ्या: शर्यतीच्या नौकेवरची दोनेक तासांची सफर. ती मुक्कामाच्या सुरुवातीला ठरवा. एका दिवसात चारही ऋतू, असं तिथलेच लोक म्हणतात. हवेमुळे रद्द झाली तर हाताशी मोकळा दिवस हवा.

महाग आहे ती तारीख. शर्यतीचा सोमवार ऑकलंडला सार्वजनिक सुट्टीचा, त्यामुळे तो लांबलचक वीकएंड असतो. हॉटेल आत्ताच धरा, पण फुकटात रद्द करता येईल असंच, तिथे पोचल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं काहीही भरू नका. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. फीवर माणशी 100 न्यूझीलंड डॉलरचा पर्यटक कर वेगळा. खर्चाची तयारी म्हणून महिन्यामागे माणशी 1,000 डॉलर दाखवावे लागतात, राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर 400. ऑस्ट्रेलियामार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर ट्रान्झिट व्हिसाचं काम वाढेल, हे लक्षात ठेवा. असं सुटं बुकिंग केलंत की टूर पॅकेजवर कंपनीने आगाऊ वसूल करायचा आयकर, म्हणजे टीसीएसही टळतो. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो हे खरं, पण काठोकाठच्या हिशेबात तोवर अडकलेले पैसेही जड जातात.

विम्यात मात्र हात आखडू नका. न्यूझीलंडमध्ये पाहुण्यालाही अपघाताच्या इजेवरच्या उपचारांसाठी एसीसी या सरकारी योजनेचं संरक्षण मिळतं. बोटीवर पाय घसरला तर ते कामाला येईल. आजारपणाला ते लागू नाही. छातीत दुखलं तर बिल तुमचं. बाबांना बीपी, शुगर जे काही असेल ते अर्जात स्वच्छ लिहा आणि आधीपासूनच्या आजारांना पॉलिसी किती रकमेपर्यंत पैसे देते, ते वाचूनच घ्या. लपवलंत तर दावा नेमका तिथेच फेटाळला जातो. सत्तरीपुढे प्रीमियम चढा असतो. तो आधी बाजूला काढा, मग हॉटेल ठरवा.

तिथे कार्ड वापरताना मशीनने रुपये की डॉलर असं विचारलं, तर डॉलर सांगा.

पत्नीचं मत पत्रात कुठेच नाही, हे मला खटकलं. पाचांचे दोन करायचे म्हणजे त्यांना आणि मुलांना मागे ठेवायचं. हे आधी त्यांच्याशी बोला, माझा कागद पुढे करू नका. फेब्रुवारीपासून महिना 15 हजारांची आरडी चौघांच्या सहलीच्या नावाने सुरू करा. दोन वर्षांत व्याज सोडून 3 लाख 60 हजार होतील. तेवढ्यात न्यूझीलंड होणार नाही, पण कुठे जायचं ते तेव्हा मुलंच ठरवतील.

कंपनीला टोकन दिलंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दिलं असेल तर परताव्याची अट कधी बदलते ती तारीख आजच त्यांच्याकडून लेखी मागून घ्या.