आजीच्या परसात होता तसला जुना, वासाचा गुलाब आता कुठे मिळेल? घरी कुंडीत येईल का?

नर्सरीत सहसा नाही मिळणार. मागून बघा, लालभडक कलम हातात देतील. जाड पाकळी, वास शून्य. तुमच्या प्रश्नात 'आजीच्या परसात' हे शब्द दिसले म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर वाईचं. परसात हौदाशेजारी पुरुषभर उंचीचा गुलाब होता. फूल गुलाबी, फार मोठं नाही, पण पाकळ्या खच्चून भरलेल्या. देठ असा लेचापेचा की फुलदाणीत ठेवायची सोय नाही, आणि ऊन चढलं की पाकळ्या गळायला लागायच्या. आई उजाडताच तोडायची. चार फुलं देवाला, उरलेल्या पाकळ्या खडीसाखरेबरोबर बरणीत, बरणी पत्र्यावर उन्हात.

आई गेल्यावर दुसऱ्याच वर्षी दादानं गाडी लावायला परसात फरशी घातली आणि गुलाब मुळासकट काढला. मी भांडले तर म्हणतो, "अगं, जंगली झाला होता तो. कलम कधीच मेलं, ज्यावर ते बांधलेलं तो खालचा खुंट फुटलेला. शंभर रुपयांत चांगला आणून देतो." आणूनही दिला. बिनवासाचा.

माझ्या नशिबानं त्याआधीच्या दिवाळीत मी त्याच्या दोन काड्या पुण्याला आणून तेलाच्या डब्यात खोचल्या होत्या. एक जगली. तिचं पहिलं फूल मी डोळे भरणाऱ्या, म्हणजे खुंटाच्या सालीत चांगल्या गुलाबाचा डोळा (कोंब) बसवून कलम करणाऱ्या एका म्हाताऱ्या माळ्याला नेऊन दाखवलं. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "एडवर्ड."

एडवर्ड म्हणजे बूर्बों जातीचा गुलाब. हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे, त्याचं जुनं नाव बूर्बों. तिथे १८१७च्या सुमारास दमास्क (अत्तराचा सुवासिक गुलाब) आणि चिनी गुलाबाचा आपसूक झालेला संकर सापडला, त्या घराण्यातला हा. आपल्याकडे तो हारांना चालतो, गुलकंदाला चालतो आणि डोळा भरायला खुंट म्हणूनही लावतात. म्हणजे दादाचं निम्मं खरं असू शकतं: कोणे एके काळी कुणीतरी कलमी गुलाब आणला असेल, वरचा मेला, खुंट राहिला. पण १८६७च्या 'ला फ्रान्स' या पहिल्या आधुनिक मानल्या जाणाऱ्या गुलाबाच्या आधी ज्या जाती होत्या, त्यांनाच गुलाबवाले 'जुने गुलाब' म्हणतात. त्या हिशेबात खुंट बसतो. हे मी दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे जंगलीच ना."

तर शोधायचं कुठे, तर जिथे लोक 'गुलाब वाया गेला' म्हणतात तिथे. बंद बंगल्याचं कुंपण, देवळामागची बाग, जुन्या वाड्याचं परसू. आधी फूल बघा, मग काडी मागा. खुंट दरवेळी एडवर्डच असतो असं नाही. झुबक्यानं बारकी पांढरी फुलं आली तर तो मल्टिफ्लोरा, तो तुम्हाला नकोय. ऑनलाइन 'दुर्मिळ गुलाबाच्या बिया' विकतात, निळ्यासुद्धा, त्यांच्या नादी लागूच नका. बियांपासून आईसारखं झाड येत नाही, आणि निळा गुलाब तर नाहीच.

पाऊस सरला की छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्यायची, निम्मी वाळू निम्मी माती, दोन डोळे मातीत, सावलीत ठेवायची. दीड-दोन महिने हात लावायचा नाही. मुळं फुटली का म्हणून उपसून बघणारी माणसं मला माहीत आहेत, आमच्याच घरातली. पुढे मोठी कुंडी आणि पाच-सहा तास ऊन. स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या झाडाला एक सुख असतं: खालून फूट आली तरी ती त्याचीच, 'जंगली' होण्याचा प्रश्नच नाही.

एक राहिलं. परदेशी पुस्तकांतले गॅलिका, आल्बा वगैरे बघून जीव टाकू नका, त्यांना कडक हिवाळा लागतो, आपल्याकडे नुसती पानं येतील. दमास्क हवाच असेल तर हल्दीघाटीचा चैती गुलाब आहे, पण तो फुलतो वर्षातून एकदाच, चैत्रात. आणि पावसाळ्यात एडवर्डच्याही पानांवर काळे ठिपके येतील, निम्मी पानं गळतील, झाड मेल्यासारखं दिसेल. घाबरून उपटू नका. एकानं उपटलाय तेवढा पुरे.