ऑफर मान्य झाल्यावर कळलं, घर फॉल्ट झोनमध्ये आहे

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहराच्या इर्विंग्टन भागात १९५६ साली बांधलेलं बैठं लाकडी घर घ्यायचं आम्ही ठरवलं. चढाओढ होती, म्हणून सगळ्या कंटिन्जन्सी (तपासणी, कर्ज वगैरे जमलं नाही तर माघार घेऊ देणाऱ्या करारातल्या अटी) सोडून ऑफर दिली. ती मान्य झाली, किमतीच्या ३ टक्के डिपॉझिट एस्क्रोत, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताकडे, गेलं. काल एजंटने ईमेलवर ‘नॅचरल हॅझर्ड डिस्क्लोजर’ (घराला असलेल्या नैसर्गिक धोक्यांची विक्रेत्याने द्यायची माहिती) पाठवलं. त्यात ‘अर्थक्वेक फॉल्ट झोन’समोर (फॉल्ट म्हणजे भ्रंशरेषा, जमिनीतली सरकती भेग) ‘होय’वर खूण आहे. बाबा पाटणचे, १९६७ चा कोयनेचा भूकंप त्यांनी भोगलाय. ते म्हणतात, सोडा ते घर. मागच्या अंगणात आई-बाबांसाठी छोटं घर बांधायचाही बेत होता. डिपॉझिट बुडेल का?

उत्तर : आधी डिपॉझिटचं बोलू, कारण मुदत चालू झालेली असू शकते. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेतलं कलम ११०३.३ सांगतं, की हे डिस्क्लोजर ऑफरवर सह्या झाल्यानंतर मिळालं तर खरेदीदार लेखी कळवून व्यवहार मोडू शकतो. प्रत्यक्ष हातात दिलं असेल तर ३ दिवसांत, पोस्टाने आलं असेल तर ५. ईमेलला किती दिवस, यावर वाद घालत बसू नका, ३ च धरा. कंटिन्जन्सी सोडल्या म्हणून हा हक्क जात नाही. त्या करारातल्या होत्या, हा कायद्याने दिलेला आहे, आणि या तरतुदींवर पाणी सोडायला लावणारी अट करारात असली तरी ती रद्दबातल ठरते.

मेख वेगळीच आहे. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात विक्रेत्याचा एजंट बहुधा ऑफरच्या आधीच सगळ्या कागदांची लिंक पाठवतो. चढाओढीच्या घाईत लोक ती उघडतात, भराभर ई-सह्या करतात आणि विसरतात. हाच अहवाल त्यात होता आणि तुमची पोच त्यावर आहे, असं निघालं तर कालची ईमेल ही नुसती दुसरी प्रत, आणि मुदत कालपासून मोजता येणार नाही. आज रात्रीच ती लिंक काढा, सहीची तारीख ऑफरच्या तारखेशी ताडून बघा. सही आधीची निघाली तर करार घेऊन तिथल्याच वकिलाकडे जा. एजंटचा ‘काही होत नाही हो’ हा कायदेशीर सल्ला नव्हे.

आता बाबांच्या भीतीबद्दल. भारताच्या भूकंप-नकाशात कोयना परिसर झोन ४ मध्ये धरत आले. तो नकाशा अख्ख्या टापूला हादरा किती जोरात बसू शकतो ते सांगतो. तुमच्या कागदावरचा झोन म्हणजे भ्रंशरेषेच्या दोन्ही अंगांना आखलेला काहीशे फुटांचा पट्टा. १९७१ च्या सॅन फर्नांडोच्या भूकंपात जमीनच फाटून घरं मोडली, त्यानंतर १९७२ मध्ये अल्क्विस्ट-प्रिओलो कायदा आला. गेल्या ११,७०० वर्षांत सरकलेल्या फॉल्टभोवती राज्याचं भूवैज्ञानिक खातं हा पट्टा आखतं. त्यात नवीन बांधकाम करायचं तर भूवैज्ञानिकाने आधी तपासणी करायची, बहुधा फॉल्टला आडवा चर खणून मातीचे थर कुठे तुटलेत ते बघायचं. प्रत्यक्ष रेषेपासून ५० फुटांच्या आत सरकता फाटा आहे असंच गृहीत धरतात, नसल्याचं सिद्ध होईपर्यंत.

पण तुमचं घर कायद्याच्या आधीचं, म्हणजे त्याच्याखाली कुणी चर खणला असण्याची शक्यता फार कमी. शिवाय दोन मजल्यांपर्यंतच्या एकट्या लाकडी घराला कायद्याने सूटच दिली आहे. ‘झोनमध्ये आहे’ म्हणजे फॉल्ट स्वयंपाकघराखालून जातो असंही नाही आणि जात नाही असंही नाही. माझ्या मते या कायद्याचा हा कच्चा दुवा आहे. सर्वांत कमी तपासणी होते ती साध्या कुटुंबाच्या घराची. उलटही घडतं. २०१४ मध्ये नापाच्या ब्राउन्स व्हॅलीत घरांखालून जमीन फाटली, तेव्हा तिथला बराचसा भाग कुठल्याच झोनमध्ये नव्हता.

म्हणून हातात आहेत त्या दिवसांत अंतर शोधा. राज्याचा ऑनलाइन नकाशा पत्ता टाकला की रेषा दाखवतो. शेजारच्या प्लॉटवर कुणी तपासणी केली असेल तर मंजूर अहवाल शहराने राज्याकडे पाठवायचा असतो, तो मागता येतो. आणि स्वतः रस्त्यावर उभे राहा. तुमच्या भागातून जाणारा हेवर्ड फॉल्ट भूकंपाशिवायही वर्षाला काही मिलिमीटर सरकतो. फुटपाथच्या कडेला डोळा लावून सरळ बघा. कड मध्येच मोडून पलीकडचा भाग उजवीकडे गेलेला दिसला, आणि समोरच्या फुटपाथवरही तसंच, तर रेषा तिथेच. गॅरेजच्या लादीत तिरकी भेग त्याच ओळीत आली असेल तर माझ्याकडून स्पष्ट ऐका : नोटीस द्या आणि मोकळे व्हा. रेषा दोन-तीनशे फुटांवर असेल तर मी हे घर केवळ या खुणेपायी सोडणार नाही. हादरा मैलभर लांबच्या घरालाही बसणारच आहे.

अंगणातल्या घराचं मात्र गृहीत धरू नका. राज्याच्या कायद्यात सूट असली तरी शहराला त्याहून कडक नियम करता येतात. या पत्त्यावर दुसऱ्या घरासाठी फॉल्टचा अहवाल लागेल का, हे शहराच्या प्लॅनिंग विभागाकडून क्लोजिंगआधी (घर नावावर होण्याआधी) लेखी घ्या. काउंटरवरच्या तोंडी उत्तराला किंमत नाही.

घर १९६० पूर्वीचं असल्याने विक्रेत्याने भूकंपविषयक वेगळा फॉर्मही भरून द्यायचा असतो : भिंती पायाला बोल्टने जखडल्यात का, वॉटर हीटर बांधलाय का. तो अजून आला नसेल तर मागा. बोल्ट नसतील तर त्याचा खर्च किमतीत वळता करून मागायला हरकत नाही. नेहमीच्या गृहविम्यात भूकंप धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि डिडक्टिबल (नुकसानातला आपण सोसायचा वाटा) विमा रकमेच्या ५ ते २५ टक्के असतं. घेणार असाल तर कोटेशन क्लोजिंगच्या सह्या करण्याआधीच हातात असू द्या.

मोडायचं ठरलं तर नोटीस दोन ओळींची पुरे : डिस्क्लोजर अमुक तारखेला मिळालं, कलम ११०३.३ नुसार व्यवहार रद्द करतो आहोत, डिपॉझिट परत करावं. विक्रेता आणि त्याचा एजंट दोघांनाही पाठवा, एस्क्रो ऑफिसरला प्रत द्या, आणि पाठवल्याची वेळ दाखवणारा पुरावा जपून ठेवा. फोनवर सांगितलेलं धरलं जात नाही.