आयटीतलं प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि क्लिनिकल ट्रायलचं, फरक नेमका कुठे?

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) आहे, आयटीत प्रोजेक्ट सांभाळलेत, क्लिनिकलमध्ये आल्यावर काय वेगळं वाटेल, असा तुमचा प्रश्न आहे.

बजेट, रिस्क रजिस्टर, व्हेंडरच्या मागे लागणं हे सगळं तसंच कामी येतं. अडतं ते बदल करताना. तिकडे क्लायंट हो म्हणाला की स्कोप बदलतो. इथे स्कोप म्हणजे प्रोटोकॉल, म्हणजे चाचणी कशी करायची याचा लेखी आराखडा. डोस किंवा पात्रतेचा निकष बदलायचा तर आधी एथिक्स कमिटी (रुग्णांचं हित जपणारी समिती) आणि सीडीएससीओ (केंद्राची औषध नियंत्रण संस्था) यांची मंजुरी लागते. रुग्णाला तातडीचा धोका असेल तरच थांबावं लागत नाही. शिवाय सुटलेला बग पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त होतो, पण चौथ्या आठवड्याचं रक्त सहाव्या आठवड्यात घेऊन चालत नाही. तो डेटा गेला तो गेलाच.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते रुग्णभरतीच्या गणितात. समजा 300 रुग्ण हवेत आणि स्क्रीनिंगमध्ये 30 टक्के गळतात, तर तपासावे लागतात सुमारे 430. मग 12 सेंटर (चाचणी होते ती हॉस्पिटलं) गुणिले महिन्याला तीन रुग्ण असं एक्सेलमध्ये मांडलं जातं, जणू बाराही सेंटर एकाच दिवशी सुरू होणार आहेत. प्रत्यक्षात एका सेंटरचा करार लीगलकडे अडकतो, दुसऱ्याची कमिटीची बैठक हुकते आणि पुढची महिन्याने असते. म्हणून प्रत्येक सेंटरची सुरुवातीची तारीख वेगळी धरा. उशीर झाला म्हणून नवं सेंटर जोडलं तर त्यालाही कमिटी, करार, प्रशिक्षण हे सगळं पहिल्यापासून आलंच. तोवर आधीच्या सेंटरांवर पडून असलेल्या लॅब किट्सची मुदत संपत आलेली असते.

काम करणारी माणसंही तुमची नसतात. इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे सेंटरवर चाचणीची जबाबदारी असलेला डॉक्टर, ओपीडीत असतो, खरा गाडा ओढतो तो स्टडी कोऑर्डिनेटर. त्याच्याशी जमवून घ्या, एस्कलेशनचे मेल तिथे फारसे चालत नाहीत.

काही मुदती मात्र कुणाशीच घासाघीस करून वाढत नाहीत. क्लिनिकल ट्रायलच्या 2019 च्या नियमांनुसार गंभीर प्रतिकूल घटना इन्व्हेस्टिगेटरने 24 तासांत कळवायची, मग रविवार असो की दिवाळी. स्पॉन्सरचं, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीचं, त्या घटनेचं विश्लेषण 14 दिवसांत जायला हवं. सीटीआरआयवरची (क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी रजिस्ट्रीवरची) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हायला हवी.

आणि साधी वाटणारी, पण ऑडिटमध्ये हमखास सापडणारी चूक: संमतीपत्राची नवी आवृत्ती मंजूर झालेली असते आणि सेंटरवर सही होते जुन्या छापील गठ्ठ्यातल्या कागदावर. मंजुरीचं पत्र आलं त्याच दिवशी जुने कागद बाजूला काढायला लावा आणि तसं लेखी मागवून फाइलला लावा.