मुरुमांचे डाग आणि खड्डे

प्रश्न : माझे वय २४ आहे. मुरूम आता अधूनमधूनच येतात, पण गालांवर काळे डाग आणि खड्डे राहिले आहेत. मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या मलमाने आधी चेहरा उजळला. ते थांबवताच तो लाल होऊन पुटकुळ्या उठल्या. घरात स्थळे पाहत आहेत आणि पाहुणे येणार म्हटले की मला धडकी भरते. हे खड्डे जातील का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपण डाग आणि खड्डे वेगळे सांगितलेत हे फार बरे झाले, कारण उपचारांच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुरमाच्या दाहामुळे त्या जागी रंगद्रव्य जास्त तयार होते आणि काळपट डाग उरतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो अधिक उठून दिसतो, पण रोज किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावून उन्हापासून जपल्यास बहुधा काही महिन्यांत फिकट होतो. खड्डा मात्र त्वचेच्या आतल्या थरातील कोलॅजन (त्वचेला आधार देणारे प्रथिन) नष्ट झाल्याने पडतो आणि, जाहिराती काहीही सांगोत, साध्या क्रीमने तो भरून येत नाही. सुईने टोचल्यासारख्या खोल खड्ड्यांत तीव्र आम्लाचा सूक्ष्म थेंब सोडतात, पसरट खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) किंवा लेझर वापरतात आणि आतल्या तंतूंनी त्वचा खाली ओढली गेली असल्यास ते तंतू सुईने सोडवतात. नवे कोलॅजन तयार व्हायला महिने लागतात. खड्डे बरेच उथळ होतात, पण पूर्णपणे क्वचितच जातात. आपल्यासारख्या त्वचेवर लेझर किंवा पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) चुकीच्या मात्रेत झाल्यास नवेच काळे डाग उमटतात, म्हणून हे उपचार पार्लरमध्ये कदापि करू नयेत.

आपण वर्णन केलेल्या मलमात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. मुरूम येणे आधी थांबले पाहिजे, नाहीतर एकीकडे खड्डे भरत असताना दुसरीकडे नवे पडत राहतील. त्यासाठी डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन हे मुरमांवरचे पोटात घ्यायचे औषध सुचवल्यास लग्नाचा विचार सुरू असल्याचे त्यांना आवर्जून सांगावे, कारण हे औषध चालू असताना आणि थांबवल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये. गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते.

पाहुण्यांच्या धास्तीला ‘एवढ्याशा डागांचे काय घेऊन बसलीस’ असे उत्तर घरातून मिळत असेल, तर ते अन्यायाचे आहे. अशा व्रणांमुळे माणसे फोटो टाळतात, कोणाच्या नजरेला नजर देत नाहीत, काहींना नैराश्यही येते. झोप उडाली असेल किंवा बाहेर जाणे बंद झाले असेल, तर तेही त्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे.