कोयनेतून रात्री पाणी सोडलं तर दिल्लीत कुणी जागं असतं का?

असतं की, केंद्रीय गृह मंत्रालयाची कंट्रोल रूम चोवीस तास शिफ्टमध्ये चालते. कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात पूर-ड्युटीला मी दोन पावसाळे नाईट काढलीय, त्यावरून सांगतो. तिथं बसलेला माणूस काय सीसीटीव्हीवर कृष्णा बघत नसतो हां, त्याच्यासमोर केंद्रीय जल आयोगाच्या नदीपातळ्या (पूर आला की दर तासाला), हवामान खात्याचे इशारे आणि राज्यांचे रिपोर्ट येत असतात, तो ते जुळवून बघतो, एनडीआरएफ लागणार का तो अंदाज घेतो आणि शिफ्ट बदलताना अर्धवट राहिलेलं सगळं पुढच्याला लिहून देतो, खरी गोची तिथंच होते, पहाटेची एक ओळ लिहायची राहिली की सकाळचा माणूस कोरा. बेंगळुरूतही राज्याचं असंच केंद्र रात्रभर चालू असतं.

पण एक आहे, दिल्ली लक्ष ठेवते आणि मदत पाठवते, गाव हलवायचं काम जिल्ह्याचंच. म्हणून कल्लोळ-येडूरचा बंधारा पाण्याखाली जायला लागला तर दिल्लीचा नंबर शोधत बसू नका, सरळ १०७७ लावा, ती जिल्ह्याची आपत्ती हेल्पलाइन.